दुकानातील मांजराचे पोट बिघडल्यास : घरच्या घरी करावयाचा साधा आहार

व्यापाराच्या पानावर मांजराच्या खाण्यापिण्याचा विषय पाहून काही वाचकांना आश्चर्य वाटेल. परंतु जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील बाजारपेठांत ज्यांचे कापडाचे, किराणा मालाचे, धान्याचे किंवा कागदाचे दुकान आहे, त्यांना या विषयाचे महत्त्व सांगावे लागणार नाही. जुन्नर, ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव येथील कितीतरी गोदामांत एखादे तरी मांजर असतेच. त्याला पगार नाही, रजा नाही, हिशेबाच्या वहीत त्याचे नाव नाही. पण रात्री शटर ओढल्यानंतर मालाची राखण तेच करते.

उंदीर कापडाचे किती नुकसान करतो हे आम्ही कापडवाले चांगले जाणतो. तो तागा खातो थोडा, कुरतडतो फार. घडी घातलेल्या थानाला एका जागी भोक पडले की ते प्रत्येक पदरातून आरपार जाते. वरून इंचभर दिसणारे नुकसान उलगडल्यावर दहा-बारा ठिकाणी निघते आणि पूर्ण थान तुकड्यांच्या भावाने विकावे लागते. धान्यवाल्यांचे, कागदवाल्यांचे नुकसान याहून वेगळे नाही.

हे काही आजचे दुखणे नव्हे. जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांत धान्याचे व्यापारी, बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींचे, म्हणजे त्या काळच्या व्यापारी-कारागीर संघांचे उल्लेख आहेत. नाणेघाटातून माल वाहून नेणाऱ्या त्या लोकांनाही कोठारे राखावी लागतच असतील. पुढे जुन्नरचा हातकागद नावारूपाला आला. त्या कागदी मंडळींनाही उंदराचा धोका होताच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्लेगने महाराष्ट्र हैराण केला, तेव्हा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील बुकॅनन नावाच्या अधिकाऱ्याने अमरावतीकडील गावांचा अभ्यास करून, जेथे मांजरे अधिक तेथे उंदीर कमी आणि प्लेगही कमी, असे मत मांडले होते. म्हणजे मांजर हे दुकानाचे भांडवल आहे, ही गोष्ट शहाण्यांनी फार पूर्वीच ओळखली होती.

मात्र या भांडवलाचे पोट बिघडले तर पंचाईत होते. मांजर सुस्त पडते, गठ्ठ्यांच्या मागे जाऊन घाण करते, कोऱ्या मालावर ओकते. मग दुकानदार चिडतो आणि मांजर हाकलून देतो, किंवा त्याला कीव आली तर वाटीभर दूध पाजतो. दोन्ही उपाय चुकीचे आहेत. त्याला काय द्यावे, किती द्यावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय देऊ नये, हे समजावून सांगण्यासाठी हा लेख आहे.

मांजर मुळात कोणत्या पोटाचे ?

पहिली गोष्ट ही समजून घ्यावी की मांजर हा पूर्णपणे मांसाहारी प्राणी आहे. कुत्रा भाकरीवर बराच काळ निभावून नेतो, मांजराला ते जमत नाही. त्याची आतडी आखूड असतात आणि शरीराला लागणारी काही द्रव्ये त्याला केवळ मांसातूनच मिळतात. टॉरिन नावाचे द्रव्य त्यांपैकी प्रमुख होय. ते न मिळाल्यास मांजराची दृष्टी जाते, हे अमेरिकेतील संशोधकांनी १९७५ मध्ये दाखवून दिले. आणि त्याच कमतरतेमुळे हृदय ढिले पडून मांजर दगावते, हे १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातील पशुवैद्यांनी सिद्ध केले. त्यानंतर मांजरांच्या तयार खाद्यात टॉरिन वाढवण्यात आले.

येथे कोणी विचारील की आमच्या वाडवडिलांनी दूध-भाकरीवर मांजरे पाळली, ती कशी जगली? याचे उत्तर सोपे आहे. ती मांजरे दूध-भाकरीवर जगत नव्हती, उंदरांवर जगत होती. अख्खा उंदीर म्हणजे मांस, हाडे, काळीज, मेंदू सर्व काही. मांजराच्या दृष्टीने तो पूर्ण आहार होय. दूध-भाकरी हा वरचा खुराक होता. आता दुकानांना फरशी आली, शटर आले, भिंतीतील बिळे सिमेंटने बुजली. उंदीर कमी झाले ही चांगली गोष्ट. पण मांजराच्या ताटातील मुख्य पदार्थ गेला आणि वरचा खुराकच मुख्य अन्न होऊन बसला. आज पुष्कळ मांजरांचे पोट वारंवार बिघडते, त्याचे एक मोठे कारण हेच आहे.

दुधाबद्दल तर फारच गैरसमज आहे. पिल्लू आईच्या अंगावर पीत असते तोवर त्याला दुधातील साखर पचते. दूध सुटल्यावर ती पचवण्याची शक्ती बहुतेक मांजरांत कमी होत जाते. मांजर दूध आवडीने पिते हे खरे, परंतु आवडणे आणि पचणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जुलाब लागलेल्या मांजराला दूध पाजणे म्हणजे विस्तवावर रॉकेल ओतणे होय.

पोट बिघडण्याची आपल्याकडील कारणे

औषधापूर्वी कारण शोधावे. आपल्या भागात साधारणपणे पुढील कारणे दिसतात :

१) दूध, चहातील बुडवलेली खारी-बिस्किटे, फरसाण, तेलकट भजी असे दुकानात येणारे खाणे.

२) वलीमा, अकीका किंवा इतर दावतीनंतर उरलेली बिर्याणी आणि सालन. यात मसाला, तेल आणि कांदा-लसूण भरपूर असतो.

३) बकरी ईदच्या दिवसांत एकदम मिळणारी चरबी आणि आतड्यांचे तुकडे. वर्षभर मूठभर खाणाऱ्या मांजराने दोन दिवस पोट फुटेतो चरबी खाल्ली की तिसऱ्या दिवशी जुलाब ठरलेले.

४) खाणे अचानक बदलणे. चांगले खाद्यसुद्धा एका दिवसात बदलल्यास नाजूक पोटाला सोसत नाही.

५) जंत. उंदीर खाणाऱ्या आणि पिसवा असलेल्या मांजराला जंत होतातच. विष्ठेत किंवा शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर ते पट्टकृमीचे समजावेत. अशा वेळी आहार कितीही हलका दिला तरी जंताचे औषध दिल्याशिवाय गुण येत नाही.

६) विष. गोदामात उंदरासाठी झिंक फॉस्फाईड किंवा ब्रोमाडायोलोन ठेवले असेल आणि मांजराने ते किंवा ते खाऊन मेलेला उंदीर खाल्ला, तर जिवावर बेतते. ज्या दुकानात मांजर आहे तेथे विष ठेवू नये. दोहोंपैकी एकच पहारेकरी नेमावा.

७) दोरा. हे कारण आम्हा कापडवाल्यांचे आणि शिलाईकाम करणाऱ्या बंधूंचे खास आहे. मांजराच्या जिभेवर आत वळलेले काटे असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा त्याला सहज बाहेर टाकता येत नाही. तो गिळलाच जातो. आतड्यात दोरा ताणला गेला की आतडी चुण्यांसारखी गोळा होतात आणि कापली जातात. सुई ओवलेला दोरा, जरीचा तार, लेसचे तुकडे, गठ्ठ्याची सुतळी ही सर्व संध्याकाळी झाडून डब्यात बंद केली पाहिजेत.

पहिल्या दिवशी काय करावे ?

मांजराला एक-दोनदा पातळ झाले किंवा एकदा ओकारी झाली, परंतु ते चालते-फिरते आहे, डोळे स्वच्छ आहेत आणि खाण्याकडे पाहते आहे, तर घरचा उपाय करण्यास हरकत नाही.

प्रथम त्याला एका खोलीत किंवा दुकानाच्या मागील भागात ठेवावे. पसरट टबात वाळू किंवा लाकडाचा भुसा घालून द्यावा. बाहेर फिरणारे मांजर काय खाते आणि काय टाकते हे आपल्याला कळत नाही, म्हणून हे आवश्यक आहे. आपल्या तालुक्यांत याला आणखी एक कारण आहे. उसाच्या पट्ट्यात बिबट्या वावरतो; माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र उभारावे लागले इतका हा प्रश्न मोठा आहे. बिबट्या कुत्र्या-मांजरांनाही सोडत नाही. अशक्त मांजर रात्री बाहेर राहणे धोक्याचे होय.

दुसरी गोष्ट पाण्याची. स्वच्छ पाणी पसरट भांड्यात, खाण्याच्या वाटीपासून थोडे दूर ठेवावे. मानेमागची कातडी चिमटीत हलके उचलून सोडावी. ती लगेच जागेवर बसली तर ठीक. उभी राहिली किंवा सावकाश बसली, हिरड्या कोरड्या व चिकट लागल्या, तर अंगातील पाणी कमी झाले आहे आणि डॉक्टर गाठला पाहिजे.

तिसरी गोष्ट उपासाची. माणसाचे पोट बिघडले की आपण लंघन करतो. मांजराला दीर्घ लंघन घालू नये. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिले तर अंगातील चरबी यकृतात जमून नवीन, पहिल्यापेक्षा मोठा आजार होतो. लठ्ठ मांजराला हा धोका अधिक असतो. ओकारी झाली असेल तर काही तास पोटाला विसावा द्यावा आणि मग थोडे थोडे खाणे सुरू करावे. पिल्लाला तर इतकाही उपास नको.

साधा आहार करण्याची रीत

साहित्य घरातलेच आहे :

कोंबडीचे छातीचे मांस, हाड आणि कातडी काढलेले : पाव किलो
पाणी : अर्धा लिटर
मऊ शिजवलेला साधा भात : दोन-तीन मोठे चमचे
लाल भोपळा (डांगर), साल-बिया काढून वाफवलेला : दोन लहान चमचे

मांस स्वच्छ धुऊन लहान तुकडे करावेत. पाण्यात घालून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे, आतला गुलाबीपणा पूर्ण जाईपर्यंत शिजवावे. मीठ, हळद, आले, लसूण, कांदा, मिरी, तेल, तूप यांतील काहीही घालू नये. आपल्या घरी यखनी करतात तशीच ही यखनी आहे, फक्त तिच्यात मांस आणि पाणी यांखेरीज तिसरी वस्तू नाही. घरातील स्त्रियांना हे बेचव वाटेल आणि एखादी लवंग टाकण्याचा मोह होईल, तो आवरावा. चव माणसाची आहे, पोट मांजराचे आहे.

शिजल्यावर मांसाचे बोटांनी बारीक रेशे करावेत व एखादे हाड राहिले नाही ना हे चाचपून पाहावे. शिजलेले हाड टोकदार फुटते आणि घशात किंवा आतड्यात रुतते. पाणी फेकून देऊ नये. टॉरिन पाण्यात विरघळणारे असल्याने शिजवताना त्यातील बराच भाग रश्श्यात उतरतो. रस्सा थंड करून वर जमलेली चरबी चमच्याने काढून टाकावी आणि खाली राहिलेले पाणी मांसावर घालावे. त्यामुळे मांजराच्या पोटात पाणीही जाते.

चार चमचे मांसाला एक चमचा भात, यापेक्षा भाताचे प्रमाण वाढवू नये. मांजराला भाताची गरज नसते. तो थोडा आधार म्हणून आहे. भात नकोसा वाटला तर वगळावा. भोपळ्यातील चोथा पातळ विष्ठा बांधण्यास आणि घट्ट विष्ठा सैल करण्यास, दोन्हीकडे मदत करतो. मात्र दिवसाला एक-दोन लहान चमचे पुरेत.

अन्न कोमट असावे. फ्रीजमधून काढलेले थंडगार मांस मांजर हुंगून सोडून देते. वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट केल्यास वास सुटतो आणि ते खाते. तयार अन्न झाकून फ्रीजमध्ये दोन दिवस टिकते. बाहेर, विशेषतः उन्हाळ्यात, दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. उरलेले उष्टे पुन्हा देऊ नये.

किती आणि केव्हा द्यावे ?

आपल्याकडील देशी मांजर साडेतीन-चार किलोचे असते. त्याला दिवसाला सुमारे २०० ते २५० कॅलरी लागतात. कातडीविना शिजवलेल्या कोंबडीच्या १०० ग्रॅम मांसात सुमारे १६५ कॅलरी असतात. या हिशेबाने बऱ्या मांजराला १२० ते १५० ग्रॅम शिजलेले मांस पुरते. पाव किलो कच्चे मांस शिजून साधारण १७० ते १८० ग्रॅम भरते. म्हणजे वर दिलेले प्रमाण एका मांजराला दीड दिवस जाते. पोट बिघडलेले असताना मात्र पहिल्याच दिवशी पूर्ण खुराक द्यायचा नसतो :

पहिला दिवस : दर तीन तासांनी एक मोठा चमचा, म्हणजे सुमारे १५ ग्रॅम, दिवसातून पाच-सहा वेळा.
दुसरा दिवस : ओकारी नसेल तर दर वेळी २० ग्रॅम, पाच-सहा वेळा.
तिसरा दिवस : दर वेळी २५ ते ३० ग्रॅम, पाच वेळा.

मांजर अधिक मागेल, पायाशी घोटाळेल, ओरडेल. तरी एकदम वाटी भरून देऊ नये. उधारीच्या गिऱ्हाइकाला जसा आपण हात राखून माल देतो, तसेच येथे करावे. दुकानातील चार जणांनी चार वेळा खाऊ घालू नये. हे काम एकाच माणसाकडे सोपवावे आणि त्याने कागदावर वेळ, खाणे, विष्ठा पातळ की बांधलेली, ओकारी झाली की नाही, एवढे टिपून ठेवावे. डॉक्टरांकडे जाण्याची वेळ आली तर हा कागद फार उपयोगी पडतो.

कोंबडी मानवत नसेल तर

काही मांजरांचे पोट विशिष्ट मांसानेच बिघडते. कोंबडी दिली की प्रत्येक वेळी त्रास होतो असे ध्यानात आले, तर दुसरे एकच मांस घेऊन पाहावे. बकऱ्याच्या मांसाचा चरबी नसलेला खिमा पाण्यात उकडून, वरची चरबी काढून देता येतो. डिंभे, येडगाव, माणिकडोह या धरणांमुळे आपल्याकडे गोड्या पाण्यातील ताजी मासळीही मिळते. ती उकडून प्रत्येक काटा काढून द्यावी. मासळी कच्ची कधीही देऊ नये. काही कच्च्या माशांत जीवनसत्त्व ब-१ नष्ट करणारे द्रव्य असते आणि सतत खाल्ल्याने मांजराला झटके येतात. सुकट, सुके बोंबील खारट असल्याने या दिवसांत वर्ज्य.

उकडलेले अंडे अर्धे, कुस्करून देता येते, कच्चे नको. कलेजी मांजराला अतिशय प्रिय असते, पण आजारात तीही नको आणि एरवीही रोज नको. तिच्यात जीवनसत्त्व अ फार असते. महिनोन्महिने कलेजीच दिल्यास मांजराच्या मानेची हाडे जखडतात. कच्चे मांस स्वस्त व सोयीचे म्हणून पुष्कळ जण देतात. त्यातून जंतूही जातात आणि टॉक्सोप्लाझ्मासारखा परजीवीही जातो, जो पुढे माणसालाही बाधू शकतो. म्हणून शिजवूनच द्यावे. घरात कोणी स्त्री गरोदर असेल तर मांजराची घाण तिने काढू नये. ते काम दुसऱ्याने करावे व नंतर हात साबणाने धुवावेत.

या वस्तूंपासून दूर ठेवा

जुन्नर, ओतूर, आळेफाटा, मंचर हा सारा कांद्याचा मुलूख. माणसाला कांदा रोजचा, पण मांजराला तो विष आहे. कांदा आणि लसूण, कच्चा असो की शिजलेला, मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतो. सालनातील रस्सा वरवर निरुपद्रवी दिसतो, परंतु कांद्याचा अर्क त्यात उतरलेला असतो. ‘मसाला धुऊन दिला’ म्हणून भागत नाही.

माणसाची औषधे देऊ नयेत. पॅरासिटामॉलची एकच गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. ताप आला, पोट दुखते, म्हणून क्रोसिनचा तुकडा देणाऱ्याचा हेतू चांगला असतो. परिणाम भयंकर असतो. जुलाब बंद करण्याच्या आपल्या गोळ्याही स्वतःच्या मनाने देऊ नयेत.

घाण पुसण्यासाठी आपण फिनेल वापरतो. फिनेलमधील द्रव्ये मांजराच्या यकृताला सहन होत नाहीत. ओल्या फरशीवरून मांजर चालते, पंजे चाटते आणि विष पोटात जाते. जुलाबाच्या मांजरामागे फिनेल घेऊन फिरणे म्हणजे आजार वाढवणे. साबणाचे गरम पाणी वापरावे, फरशी कोरडी करावी आणि मगच मांजराला तेथे येऊ द्यावे. लोकरीच्या आणि रेशमी मालात आपण डांबरगोळ्या ठेवतो, त्याही मांजराला घातक आहेत. त्या बंद पेटीतच असाव्यात. उघड्या फडताळात विखरू नयेत.

पूर्ववत खाण्याकडे

विष्ठा बांधून येऊ लागली, मांजर अंग चाटून स्वच्छ करू लागले, की दोन दिवस अधिक हा आहार द्यावा आणि मग नेहमीच्या खाण्याकडे वळावे. पहिल्या दोन दिवशी पाव भाग नेहमीचे व पाऊण भाग पथ्याचे. पुढील दोन दिवशी अर्धे-अर्धे. त्यानंतर पाऊण भाग नेहमीचे. आणि आठवड्याने पूर्ण. मध्येच पुन्हा पातळ झाले तर एक पायरी मागे यावे.

येथे एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. उकडलेली कोंबडी हा परहेजाचा आहार आहे, कायमचा नव्हे. नुसत्या मांसात चुना, म्हणजे कॅल्शियम नसल्यासारखेच असते. महिनोन्महिने केवळ बोनलेस मांस खाणाऱ्या मांजराची, विशेषतः पिल्लांची हाडे ठिसूळ होतात. चार-पाच दिवस, फार तर आठवडा, हा आहार चालेल. ज्या मांजराचे पोट कायमच नाजूक आहे त्याच्यासाठी पशुवैद्याला विचारून टॉरिन, कॅल्शियम व जीवनसत्त्वे यांची भर घालून घ्यावी, किंवा नाजूक पोटासाठीचे तयार खाद्य वापरावे. पाकीट महाग वाटते. पण दिवसाला लागते ते मूठभरच. एक तागा वाचला तर त्याची किंमत निघते.

हमालांमध्ये एक समजूत आहे. ते म्हणतात, “सेठ, पोट भरलेलं मांजर उंदीर धरत नाही, उपाशी ठेवा.” हे खरे नाही. शिकार करणे हा मांजराचा स्वभाव आहे. भूक नसतानाही ते उंदरावर झडप घालते. उलट उपाशी व अशक्त मांजराच्या अंगात धावण्याचे बळच राहत नाही, आणि ते उकिरड्यावर जाऊन नवीन आजार घेऊन येते.

घरचा उपाय केव्हा थांबवावा ?

पुढील लक्षणांपैकी एकही दिसल्यास वाट न पाहता पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे :

विष्ठेत किंवा ओकारीत रक्त; दिवसातून तीन-चार वेळा ओकारी; चोवीस तास अन्नाला तोंड न लावणे; दोन दिवसांत जुलाब कमी न होणे; हिरड्या पांढऱ्या किंवा पिवळ्या पडणे; तोंडाला फेस, अंगाला झटके; विष खाल्ल्याची शंका.

तोंडातून किंवा गुदद्वारातून दोरा लोंबत असेल तर तो ओढू नये. आत ताणलेला दोरा ओढल्यास आतडे चिरते. तसेच ठेवून डॉक्टरांकडे न्यावे. बोका वारंवार बसून जोर करतो आणि काही होत नाही, तर आपण त्याला बद्धकोष्ठ समजतो. पुष्कळदा लघवी अडलेली असते आणि एक-दोन दिवसांत तो दगावतो. हीही तातडीची बाब समजावी.

लहान पिल्लू, ज्याला लस टोचलेली नाही, ते ओकते आहे आणि त्याला घाण वासाचे जुलाब होत आहेत, तर पॅनल्युकोपेनिया या संसर्गाची शंका घ्यावी. त्यावर कोंबडीचे पाणी हा उपाय नाही. आठ आठवड्यांच्या सुमारास लस सुरू करावी आणि उंदीर मारणाऱ्या मांजराला साधारण दर तीन महिन्यांनी, वजनाप्रमाणे, डॉक्टरांनी सांगितलेले जंताचे औषध द्यावे.

आपल्याकडील सरकारी दवाखान्यांत मुख्यतः गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या येतात. मांजर घेऊन जायला लोक लाजतात. लाजण्याचे काही कारण नाही. झाकणाच्या टोपलीत किंवा भोके पाडलेल्या खोक्यात मांजर न्यावे, खाली जुने कापड घालावे आणि सोबत तो टिपणाचा कागद घ्यावा.

मांजराच्या अस्तित्वाने घर किंवा वस्त्र नापाक होत नाही, आणि त्याला कोंडून उपाशी ठेवणे हा मोठा गुन्हा आहे, ही शिकवण आपल्याला हदीसमधून मिळालेली आहेच. त्याची घाण मात्र घाणच आहे. ती लागलेले कापड धुतलेच पाहिजे.

तात्पर्य, नाजूक पोटाच्या मांजरासाठी करावयाचे फार थोडे आहे : दूध बंद, मसाला बंद, उकडलेले साधे मांस थोडे थोडे, पाणी भरपूर, आणि धोक्याचे लक्षण दिसताच दवाखाना. या आहारात आपण काय घालतो यापेक्षा काय घालत नाही यालाच अधिक महत्त्व आहे. पाव किलो कोंबडी आणि तीन दिवसांचे लक्ष, एवढाच खर्च. जो मुका जीव रात्रभर आपल्या रोजीची राखण करतो, त्याच्यासाठी हा खर्च कोणत्याही व्यापाऱ्याला जड वाटू नये.